वंध्या वाणी

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवान श्रीकृष्णचक्रवर्ती उद्धवदेवांना उपदेश करीत असता अकराव्या अध्यायात दोन दृष्टांत जवळजवळ येतात. शब्दब्रह्मात पारंगत होऊनही जो परब्रह्माच्या ठायी रमला नाही, तो पंडित दूध न देणारी गाय सांभाळणाऱ्या माणसासारखा होय. त्याच्या श्रमाचे फळ श्रम एवढेच. पुढे लगेच श्रीकृष्ण वाणीविषयी बोलतात. ज्या वाणीत ईश्वराच्या पावन कर्मांचा, त्याच्या लीलावतारातील जन्मचरित्राचा उल्लेख नाही, ती वाणी वंध्या होय आणि विचारी पुरुषाने ती धारण करू नये, असे त्यांचे सांगणे आहे.

‘वंध्या’ हा शब्द श्रीकृष्णांनी येथे वाणीला लावला आहे, ही गोष्ट पठण करणाऱ्यांच्या ध्यानी फारशी येत नाही. या दोन दृष्टांतांच्या मध्ये आणखी एक श्लोक आहे. त्यात सांभाळणाऱ्याला दुःखावर दुःख देणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत : दूध संपलेली गाय, कुमार्गी भार्या, पराधीन देह, असत् संतती, सत्पात्री न दिलेले धन आणि ईश्वररहित वाणी. या सहांत वाईट निघालेल्या संततीची गणना आहे. जिला संतती झाली नाही अशा स्त्रीचा त्यांत उल्लेख नाही. लोकव्यवहाराने मात्र हे सारे उलटे केले. वंध्या वाणी ज्याच्या तोंडी अहोरात्र आहे तो प्रतिष्ठित म्हणून पुढे बसतो, आणि जिच्या कुशीत मूल नाही तिला ‘वांझ’ म्हणून मागे सारले जाते. भास्करभट्ट बोरीकरांनी ज्या स्कंधाच्या आधारे ‘उद्धवगीता’ रचिली, आणि जो स्कंध परमार्गात इतक्या आदराने वाचिला जातो, त्याच्याच एका शब्दाची ही अवस्था झाली आहे. म्हणून त्या शब्दाचा विचार करणे प्राप्त आहे.

प्रथम शब्द पाहावा. मराठीतील ‘वांझ’ हा संस्कृत ‘वंध्या’ शब्दावरून, प्राकृत ‘वंझा’ या रूपाच्या द्वारे आलेला आहे. मूळ शब्द ‘बंध्या’ असाही लिहिला जातो आणि त्याचा संबंध ‘बंध’ याच्याशी, म्हणजे बांधणे, अडविणे या अर्थाशी जोडतात. हा अर्थ धरला तर शब्दाच्या पोटात दोषारोप नाही. कोठेतरी काही अडले आहे एवढेच तो सांगतो. अमरकोशात ‘वंध्य’ हा शब्द फळ न धरणाऱ्या वृक्षाच्या नावांत येतो, तर ‘वंध्या’ हा शब्द गाईच्या संदर्भात येतो. तर्कशास्त्रात ‘वंध्यापुत्र’ हे आकाशपुष्प आणि सशाचे शिंग यांच्या जोडीने असंभवाचे उदाहरण म्हणून येते. तेथेही कोणा स्त्रीची निंदा अभिप्रेत नाही. शब्द जुळला तरी वस्तू असेलच असे नाही, एवढे दाखविणे हा त्याचा हेतू.

मराठी बोलणाऱ्या कुणब्याने मात्र या एका अर्थासाठी कितीतरी शब्द निरनिराळे ठेवले आहेत, आणि ते निरनिराळे ठेवण्यात मोठा विवेक आहे. दूध न देणारी गाय ‘भाकड’. परंतु भाकड म्हणजे वांझ नव्हे. व्यालेली गाय दूध देते, मग आटते, काही काळ भाकड राहते आणि पुन्हा विते. भाकड काळातही तिला वैरण घालावी लागते हे जाणत्या गोपालकास सांगावे लागत नाही. जमिनीचेही तसेच. ‘पडीक’ जमीन म्हणजे कसल्यावाचून पडून राहिलेली. तिचा दोष काहीच नाही, दोष असेल तर न कसणाऱ्याचा. ‘बरड’ म्हणजे मुरूमखड्यांची, उथळ मातीची. तीत ऊस होणार नाही, परंतु गवत होईल आणि पावसाने साथ दिली तर हलके धान्यही होईल. ‘खारवट’ आणि ‘चोपण’ या क्षारांनी बिघडलेल्या जमिनी; संस्कृतातील ‘ऊषर’ हा शब्द अशाच जमिनीसाठी आहे. दाणा बाहेरून भरलेला दिसून आत रिता असला तर तो ‘पोचट’, आणि पाखडल्यावर उरलेले ते ‘फोल’. ‘नापीक’ हा शब्द या सर्वांना सरसकट लावणारा, आणि म्हणूनच सर्वांत कमी उपयोगाचा. कारण नापीक म्हटल्याने उपाय काय करावा ते कळत नाही. चोपण म्हटले की कळते.

गंमत अशी की यांतील बहुतेक शब्द मराठीने आपल्या बोलण्यालाही लाविले आहेत. निरर्थक कथा ती भाकडकथा, अर्थहीन भाषण ते पोचट, दिलेला शब्द खरा न ठरला तर तो फोल, आणि ज्यातून काही निष्पन्न होत नाही ती चर्चा वांझोटी. श्रीकृष्णांनी उद्धवदेवांसमोर गाय आणि वाणी ही जोडी ठेविली, तीच जोडी मराठीने न शिकविता धरून ठेविली आहे. भाषेस जे कळले ते भाषा बोलणाऱ्याला कळू नये, हे आश्चर्य.

माणसाच्या बाबतीत मात्र हा विवेक नाहीसा होतो. जनावराला दोन शब्द, जमिनीला चार, धान्याला दोन. स्त्रीला एकच, आणि तो शेवटचा निकाल दिल्यासारखा. विवाहाला तीन वर्षे झाली की तो शब्द कुजबुजू लागतो, सात वर्षे झाली की तो उघड होतो. पुरुषासाठी तर या अर्थाचा शब्दच रोजच्या बोलण्यात नाही. ‘षंढ’ आणि ‘नपुंसक’ हे शब्द वेगळ्या अर्थाचे; ‘निपुत्रिक’ म्हणतात ते हळहळीने म्हणतात, हिणविण्यासाठी म्हणत नाहीत. एकाच दांपत्याची एकच स्थिती, परंतु पतीच्या वाट्याला कीव आणि पत्नीच्या वाट्याला शिवी.

येथे एक दृष्टांत घ्यावा. एका कुणब्याच्या वाट्याला वडिलोपार्जित तीन बिघे शेत आले. दरवर्षी तो पेरी, आणि दरवर्षी बी कुजे किंवा उगवलेले पिवळे पडून मरे. त्याने बियाणे बदलले, बैल बदलले, बांधावरच्या देवतेला नारळ फोडले. शेवटी त्याने शेताला शिव्या घालण्यास आरंभ केला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगे की हे शेत वांझ आहे, मागल्या जन्मीचे वैर काढण्यासाठी ते माझ्या पदरी आले आहे. एके दिवशी शेजारच्या गावचा एक वृद्ध तिकडून जात होता. त्याने वाकून ढेकूळ उचलले, हातात चुरडून पाहिले आणि विचारले, “पावसाचे पाणी किती दिवस साचून राहते रे बाळा?” कुणबी म्हणाला, “आजोबा, आठ-आठ दिवस हलत नाही. आणि वाळले की दगडासारखे होते.” वृद्ध म्हणाला, “मग जमिनीला बोल का लावतोस? पाण्याला वाट नाही. उताराच्या अंगाने चर खण. ताग पेर, आणि फुलावर आला की गाडून टाक. दोन-तीन वर्षे धीर धर.” कुणब्याने चर खणला. पहिल्या वर्षी काही झाले नाही. दुसऱ्या वर्षी ताग गुडघाभर झाला. पुढे त्या शेतात हरभरा आला. बागाईत झाली नाही, परंतु घर चालले.

दार्ष्टांतिक असे की शेताच्या ठायी दोष पाहणारा कुणबी म्हणजे अन्यथाज्ञानी जीव. त्याने अडथळ्याला स्वरूप मानले. चोपण जमिनीत क्षार साठतात आणि निचरा होत नाही, म्हणून मुळांना श्वास मिळत नाही. जिप्सम, शेणखत, हिरवळीचे खत आणि चर यांनी ती सुधारते, हे आज कृषिशास्त्रही सांगते. वऱ्हाडात पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे भूगर्भातील पाणी खारे. विहीर खणून ओलीत करावे तर जमीन अधिकच बिघडते. तरी त्याच काळ्या मातीत पावसाच्या भरवशावर कापूस, तूर, हरभरा ही पिके शेतकरी घेतात. तेथल्या शेतकऱ्याने जमिनीला वांझ म्हटले नाही. तिचा स्वभाव ओळखून तिला झेपेल ते तिच्याकडून घेतले.

आता शास्त्राकडे वळावे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ निरूपिले. त्यांत देह प्रपंचात मोडतो आणि प्रपंच अनित्य. जीव हा बद्धमुक्त, म्हणजे आज बद्ध आणि परमेश्वरकृपेने मुक्त होण्यास योग्य. कूस ही देहाची. देहाला जे अडले ते प्रपंचात अडले. जीवाच्या योग्यतेत त्यामुळे अणुमात्र उणे होत नाही. ‘वंध्या’ शब्दाचा ‘बंध’ हा अर्थ खरोखर कोणाला लागू करावयाचा असेल तर तो अनादि अविद्येने बांधलेल्या प्रत्येक जीवाला लागू आहे. सात पुत्रांची माता आणि निःसंतान स्त्री या दोघीही त्या अर्थी सारख्याच बद्ध, आणि दोघीही सारख्याच उद्धरणयोग्य. स्त्रीच्या मासिक धर्माचाही विटाळ स्वामींनी मानिला नाही. देहाच्या इतर द्वारांतून जसे काही स्रवते तसेच तेही एक, असे त्यांनी समजाविले. ज्या मार्गात देहाच्या एका धर्माने स्त्री अपवित्र होत नाही, त्या मार्गात देहाच्याच दुसऱ्या स्थितीने ती अशुभ कशी होईल?

येथे शंका उपस्थित होते. संतती न होणे हे पूर्वकर्माचेच फळ ना? मग लोक म्हणतात त्यात खोटे काय?

याचे समाधान असे. कर्माशिवाय देह नाही आणि देहाशिवाय भोग नाही, हे खरे. परंतु ते सर्वांच्या बाबतीत खरे आहे. ज्याला पाच पुत्र झाले त्याचा देहही कर्मफळच, आणि त्या पाचांनी म्हातारपणी त्याला घराबाहेर काढले तर तेही कर्मफळच. कोणत्या जीवाच्या कोणत्या कर्माला कोणते फळ कोणत्या जन्मी लागले हे जाणणारा एक परमेश्वर. म्हणूनच त्याला सर्वज्ञ म्हणतात. ओसरीवर बसून शेजारणीच्या सुनेचे पूर्वजन्म सांगणारी व्यक्ती नकळत सर्वज्ञपणाचाच दावा करीत असते, आणि हा दावा पापपुण्याच्या कोणत्याही हिशेबात लहान ठरणार नाही. शिवाय कर्मसिद्धांत स्वतःला लावण्यासाठी सांगितला आहे. तो दुसऱ्याला लावला की त्याचे शस्त्र होते. आपल्या दुःखात ‘हे माझ्या कर्माचे’ म्हणणे हा वैराग्याचा आरंभ. दुसऱ्याच्या दुःखात ‘हे तुझ्या कर्माचे’ म्हणणे ही हिंसा. अहिंसेचे व्रत घेतलेले कितीतरी जन वाट चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपतात, आणि त्याच दिवशी घरी जिभेने एक जीव चिरडतात.

दुसरी शंका अशी घेतली जाते की शब्दाने एवढे काय बिघडते? जग जे म्हणते ते म्हणणारच.

बिघडते ते असे. ज्या स्त्रीला हा शब्द लागला तिची ओटी भरली जात नाही. डोहाळजेवणाचे आवतण तिला येत नाही, आणि आले तर कोपऱ्यात बसविण्यासाठी येते. बारशाला तिने पाळण्यातले मूल उचलले तर त्याला दृष्ट लागेल अशी कुजबूज होते. हे बाहेरच्या जगात होते तसेच वासनिकांच्या घरांतही होते. ते लपविण्यात अर्थ नाही. मग ती स्त्री काय करते? परमेश्वरावाचून अन्य कोणाची भक्ती करावयाची नाही असा उपदेश घेतलेली स्त्री रात्री उठून कोणा देवतेला नवस बोलते. अंगाऱ्याची पुडी पदरी बांधते, भगताच्या दारी जाते. तिची अनन्यता मोडते. ती का मोडली हे विचारू गेले तर उत्तर तिच्या सासरच्या माजघरात सापडते, जेथे तो शब्द रोज उच्चारला जातो. उपदेश देणाऱ्या महंतांनी अशा स्त्रीला अनन्यतेचे निरूपण करण्यापूर्वी तिच्या सासूसासऱ्यांना आणि पतीला बसवून निरूपण करावे. धर्म तिने सोडला असे दिसते खरे, परंतु तिला त्यातून ढकलणारे हात वेगळेच असतात आणि ते हात पूजेच्या वेळी प्रसादासाठी सर्वांत पुढे येतात.

या ठिकाणी लौकिक ज्ञानही विचारात घ्यावे, कारण असत्य बोलणे हे शास्त्राला मान्य नाही आणि ‘हिच्यामुळे मूल नाही’ हे वाक्य पुष्कळदा निव्वळ असत्य असते. वैद्यकशास्त्र सांगते की संतती न होण्याची कारणे स्त्रीइतकीच पुरुषाकडेही आढळतात, कित्येकदा दोघांकडे आढळतात आणि काही वेळा तपासण्या करूनही कारण सापडत नाही. स्त्रीच्या गर्भनलिका बंद होणे हे एक कारण आहे, आणि भारतात अशी नलिका क्षयरोगामुळे बंद झालेली पुष्कळदा आढळते. ‘बंध्या’ शब्दातील बंध येथे अक्षरशः खरा ठरतो, आणि तो रोग आहे, पाप नव्हे. पुरुषाच्या बाबतीत शुक्रजंतूंची संख्या किंवा गती कमी असणे हे साध्या तपासणीने कळते. परंतु घरोघरी आधी स्त्रीची सर्व तपासणी होते, मग नवस होतात, मग पुन्हा तपासणी होते आणि पतीच्या तपासणीचा विषय निघाला की घरातली वडील माणसे उठून जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या माहितीप्रमाणे जगात दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हे दुःख भोगावे लागते. म्हणजे ज्या पंगतीत साठ माणसे जेवावयास बसली आहेत तीत या व्यथेची माणसे बसलेली असणारच, असे समजूनच वाढणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने बोलावे.

राजशासनानेही हा शब्द ओळखला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एक पत्नी असता दुसरा विवाह करण्यास मनाई केली. संतती नाही हे कारण तेथे चालत नाही. पुढे कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा झाला आणि तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्यात शब्दांनी होणाऱ्या छळाची व्याख्या करताना मूल नसण्यावरून अथवा मुलगा नसण्यावरून केलेला अपमान व उपहास यांचा विशेष उल्लेख आहे. शासनाने जे दंडाच्या भयाने सांगितले ते परमार्गाने आपल्या आचारातून सातशे वर्षांपूर्वीच सांगितले होते. तरीही सांगण्याचा मान शासनाला जावा, ही उपदेशींनी विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

हा आचार म्हणजे कोणता, ते पंथाच्या इतिहासात उघड दिसते. महदाइसा बालविधवा. तिला संतती नव्हती. त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने तिच्या जीवनाला काही फळ येणे संपले होते. स्वामींच्या सन्निधानात मात्र तिच्याइतके प्रश्न विचारणारे विरळ. स्वामींनी तिच्या जिज्ञासेची प्रशंसा केली. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगी ऋद्धिपुरी तिने धवळे गाइले, आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते. बाइसा ही दुसरी. स्वामींच्या सेवेत तिचा किती अधिकार होता ते ‘लीळाचरित्र’ उघडताच कळते. या स्त्रियांना स्वामींनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला नाही. त्यांना त्याहून मोठे काही दिले, आणि त्यांच्या ठायी ते वाढले.

श्रीगोविंदप्रभूंविषयी तर ऋद्धिपूरच्या लोकांची भावना अशी की राऊळ हेच माय आणि राऊळ हेच बाप. पोटचे मूल नसता सर्व गावाचे मायबापपण ज्यांच्या ठायी पाहिले गेले, त्यांच्या अनुयायांनी मायपण कुशीवर मोजावे, हे न शोभणारे आहे.

आणखी एक गोष्ट. अच्युत पंथाचा भिक्षू निःसंतान असतो. संन्यास घेतलेली तपस्विनी निःसंतान असते. वासनिक गृहस्थ त्यांना दंडवत घालतो, त्यांच्या पायाची धूळ मस्तकी लावतो, त्यांना घरी नेऊन उपहार करतो. त्याच घरात चुलीपाशी एक स्त्री बसलेली असते. तीही निःसंतान. तिने केलेली भाकरी भिक्षूच्या झोळीत पडते आणि तिचे दर्शन सकाळी होऊ नये म्हणून घरची माणसे तोंड फिरवितात. संतती नसणे हे अशुभ असेल तर भिक्षूचे दर्शनही अशुभ मानावे लागेल. भिक्षूचे दर्शन शुभ असेल तर तिचेही अशुभ म्हणता येत नाही. भिक्षूने ते स्वीकारले आहे आणि तिच्यावर ते आले आहे, एवढा भेद खरा. परंतु या भेदाने तिच्याविषयी करुणा वाढावी, तिरस्कार नव्हे.

पंथ कसा वाढला याचाही येथे विचार करावा. वंशाने तो वाढला नाही. श्रीनागदेवाचार्यांपासून जी परंपरा चालत आली ती अनुसरणाने आली. एका जीवाने दुसऱ्या जीवास ज्ञान दिले आणि दुसऱ्याने तिसऱ्यास. जळगावकडे रावेर, यावल या भागांत केळीच्या बागा आहेत. केळीच्या फळात जे बारीक काळे ठिपके दिसतात ते बियांचे अपूर्ण अवशेष. पेरले तर त्यांतून रोप येत नाही. केळीला बी नाही म्हणून कोणी तिला वांझ म्हणत नाही. एका झाडाच्या बुंध्याशी मुनवे फुटतात, ते काढून लाविले की नवी बाग उभी राहते. असे पिढ्यानुपिढ्या चालले आहे. संन्यासमार्गाची वाढ याच जातीची. ती ज्याला समजली त्याला बीज आणि फळ यांच्याविषयी फार बोलण्याची घाई होणार नाही.

आता उरली ती श्रीकृष्णांनी जिला वंध्या म्हटले ती. वंध्या वाणी ओळखावी कशी? शिव्याशाप, चहाडी, निंदा ही तर उघड वंध्या. परंतु तेवढ्यावर थांबले तर भिक्षू आणि अभ्यासक सुटून जातील, आणि दूध न देणाऱ्या गाईचा दृष्टांत श्रीकृष्णांनी शब्दब्रह्मातील पारंगतांसाठीच दिला आहे. सूत्रपाठ मुखोद्गत आहे, प्रकरणांचा क्रम झोपेत विचारला तरी सांगता येतो, सकळी लिपीतील पोथी अडखळल्यावाचून वाचता येते, आणि आचारमालिकेतील एकही गोष्ट दिवसाच्या व्यवहारात उतरलेली नाही; ही भाकड गाय सांभाळणे झाले. भाकड गाईला पुन्हा वेत येण्याची आशा तरी असते. ज्या अभ्यासकाला आपली गाय भाकड आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या गोठ्यात ती आशाही नाही. एका श्लोकावर चार महिने वाद करणारे आणि वाद करताना एकमेकांस अपशब्द बोलणारे ज्ञाते पाहिले म्हणजे वांझोटी चर्चा हा शब्द मराठीने कोणासाठी घडविला असावा, असा प्रश्न पडतो.

श्रीनागदेवाचार्यांचा प्रसंग या ठिकाणी आठवावा. केसोबासांसारखा संस्कृताचा गाढा पंडित; त्याच्या मनात निरूपण संस्कृतात बांधावे असे आले. आचार्यांनी त्याला थांबविले. संस्कृतात लिहिले तर स्वामींच्या वृद्ध स्त्री-अनुयायांना ते अंतरेल, त्या नाडल्या जातील, हे त्यांचे कारण होते. या कारणाची जात पाहण्यासारखी आहे. संस्कृत वाईट असे आचार्य म्हणाले नाहीत. कोणता शब्द शुद्ध, कोणता प्रौढ, याचाही विचार त्यांनी केला नाही. या शब्दाने कोण वंचित होईल, एवढेच त्यांनी पाहिले. आणि ज्यांचा विचार करून पाहिले त्या कोण होत्या? बहुतेक विधवा, वृद्ध, ज्यांना जगात विचारणारे कोणी नव्हते अशा. परमार्गाने मराठी भाषा धरिली ती अशा स्त्रियांसाठी. त्याच भाषेतील एका शब्दाने आज त्यांच्याच लेकीसुना नाडल्या जात असतील, तर तो शब्द घरात ठेवण्यास कोणती सबब उरते?

शब्द टाकावा म्हणजे त्याच्या जागी काय बोलावे, असे विचारणारे असतात. बहुधा काहीच बोलावे लागत नाही. विचारल्यावाचून कोणाच्या संततीचा विषय काढू नये. वैद्याकडे, न्यायालयात किंवा कागदपत्रांत सांगणे भागच पडले तर ‘निःसंतान’ हा शब्द पुरेसा आहे. तो वस्तुस्थिती सांगतो आणि थांबतो. उपदेश देताना, विडा अवसर करताना, प्रसाद वाटताना महंतांनी अशा स्त्रीला हेतुपुरस्सर पुढे बोलवावे; ताट तिच्या हाती द्यावे. लोक प्रथम एकमेकांकडे पाहतील. पाहू द्यावे. दुसऱ्या वर्षी पाहणार नाहीत. पतीच्या तपासणीची गोष्ट पुरुषांनी पुरुषांना सांगावी. ती स्त्रियांवर सोडू नये. बारशाच्या घरात वडील स्त्रीने आपण होऊन मूल तिच्या मांडीवर द्यावे, आणि ते फार गाजावाजा न करता द्यावे, कारण उपकाराचाही एक काटा असतो.

वंध्या वाणीविषयी बोलल्यानंतर श्रीकृष्ण उद्धवदेवांना उपाय सांगतात. चित्त स्थिर करणे जमत नसेल त्याने आपली सर्व कर्मे ईश्वराप्रीत्यर्थ करावीत, श्रद्धेने त्याच्या कथा ऐकाव्यात, गाव्यात, त्याच्या जन्मकर्मांचे वारंवार स्मरण करावे. यासाठी पांडित्य लागत नाही, पुत्रही लागत नाही. म्हाइंभटांनी इ.स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते ज्यांनी स्वामींस पाहिले, ऐकिले, त्यांच्या आठवणी गोळा करून. त्या आठवणींत स्त्रियांच्या आठवणी आहेत, आणि स्वामींची कितीतरी निरूपणे महदाइसेने विचारिले म्हणून झाली आहेत. ती विचारी, स्वामी सांगत, आणि जवळ बसलेले ऐकत.